पाय दुखतोय, पण कारण सापडत नाही: घरी काय तपासायचं आणि दवाखान्यात कधी पळायचं

पाय दुखतो म्हणून माणूस मेडिकलमध्ये जातो, दोन दिवसांच्या गोळ्या घेतो, बरं वाटतं, आठवड्यानं पुन्हा तेच. मग कुणी 'वात आहे' म्हणतं, कुणी 'शीर आखडली' म्हणतं, कुणी कॅल्शियमची बाटली हातात देतं. गोळीनं दुखणं दबतं, मूळ तसंच राहतं, म्हणून ते फिरून येतं.

कुठं दुखतंय हे सगळेच सांगतात. त्याहून कामाची माहिती म्हणजे दुखणं कशानं सुरू होतं, कशानं थांबतं, आणि एक पाय दुखतो की दोन्ही. एवढं नीट सांगता आलं तर डॉक्टरांचं अर्धं काम झालेलं असतं. खालची मांडणीही त्याच अंगानं आहे. पण काही दुखण्यांत विचार करत बसायला वेळ नसतो, म्हणून ती आधी.

यातलं काही असेल तर आजच, रात्र असली तरी

- पाय अचानक दुखायला लागला, गार पडला, पांढरट किंवा निळसर झाला, बधिर झाला. रक्तवाहिनी बुजली असण्याची शक्यता आहे. साधारण ६ तासांत रक्तपुरवठा सुरू झाला नाही तर पाय गमावण्याचा धोका फार वाढतो. शेकू नका, चोळू नका.
- एकच पोटरी किंवा मांडी सुजली आहे आणि सोबत धाप लागतेय, छातीत दुखतंय, खोकल्यातून रक्त पडतंय.
- कंबर-पाय दुखत असताना लघवी तुंबली, किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेला, किंवा सायकलच्या सीटवर टेकतो ती जागा बधिर झाली. मणक्यातल्या नसांचा झुपका दाबला गेलेला असू शकतो. यात तासांचा हिशेब असतो.
- पाय लाल, गरम, आणि लाली पसरतेय, ताप-थंडी आहे. लालीच्या कडेनं पेनानं रेघ मारून ठेवा. रेघेपलीकडे किती गेली ते डॉक्टरांना लगेच कळतं. दुखणं दिसणाऱ्या लालीच्या मानानं भलतंच जास्त असेल किंवा कातडी काळपट पडत असेल तर रेघ मारायलाही थांबू नका.
- मार लागल्यावर पायावर भार देता येत नाही.

१०८ ला फोन करताना 'पाय दुखतोय' एवढंच सांगू नका. 'पाय गार पडलाय', 'धाप लागतेय' असं सांगा.

चालताना दुखतं, थांबलं की राहतं

ठरावीक अंतर चाललं की पोटरी धरते. घरापासून मारुतीच्या देवळापर्यंत जाता येतं, पुढं नाही. अशा वेळी एकच बघा: नुसतं उभं राहून बरं वाटतं, की बसावंच लागतं?

जागच्या जागी उभं राहिलं आणि दोन ते पाच मिनिटांत दुखणं गेलं, पुन्हा तेवढंच अंतर चाललं की आलं, चढावर लवकर आलं, तर शंका पायाच्या धमन्यांवर घ्यावी. स्नायूला चालताना जास्त रक्त लागतं आणि अरुंद झालेल्या धमनीतून ते पोचत नाही. उलट उभं राहून काही फरक पडत नाही, बसावं लागतं किंवा पुढं वाकावं लागतं, उतारावर जास्त त्रास होतो, आणि गंमत म्हणजे सायकल चालवताना काहीच दुखत नाही, तर गडबड बहुतेक कमरेच्या मणक्यात आहे. पुढं वाकलं की नसांचा बोगदा थोडा मोकळा होतो, म्हणून आराम पडतो.

धमनीची शंका असेल तर नाडी बघा. पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या मधून वर घोट्याच्या दिशेनं जा. पावलाच्या मध्यावर दोन बोटं अलगद टेकवा. दुसरी जागा आतल्या घोट्याच्या मागं. दाबून धरलं तर नाडी लागत नाही, हलकेच ठेवायचं. पावलावरची नाडी काही धडधाकट माणसांतही सापडत नाही, पण एकाच पायात दोन्ही जागी लागत नसेल तर ते सोडून देऊ नका. दवाखान्यात घोट्यावरच्या बीपीला दंडावरच्या बीपीनं भागतात. ०.९ किंवा कमी आला तर धमनी अरुंद आहे. मधुमेहात धमन्या चुन्यासारख्या कडक होतात, तेव्हा आकडा १.४ च्या वर जातो; त्याला 'चांगला आहे' समजायचं नाही.

बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी-चिकोडी या तंबाखूच्या पट्ट्यात यावर जास्त बोलायला हवं. बिडी-सिगारेट ओढणाऱ्या, बहुधा ४५-५० च्या आतल्या पुरुषांत बर्जर नावाचा आजार होतो. पायाच्या लहान धमन्यांना सूज येते आणि त्या बुजतात. सुरुवात तळव्याच्या किंवा पोटरीच्या दुखण्यानं होते. मग बोट गार राहायला लागतं, रात्री झोपेत ठणकतं, माणूस पाय खाटेखाली लोंबकळत सोडून झोपतो, कारण तसं केलं की जरा बरं वाटतं. पुढची पायरी म्हणजे बोटाच्या टोकाला न भरणारी जखम आणि काळेपणा. इथे तंबाखू 'कमी करून' भागत नाही. दिवसाला दोन बिड्याही आजार चालू ठेवतात, आणि बिडी सोडून तंबाखू मळायला लागलं तरी निकोटीन तेच. पूर्ण सोडणाऱ्यांचे पाय बहुतेक वेळा वाचतात. एवढा साधा आणि एवढा अवघड उपाय दुसऱ्या कुठल्या पायदुखीत नाही.

वयस्कांत, मधुमेह-बीपी असणाऱ्यांत धमनी चरबीनं अरुंद होते. त्यांना डॉक्टर औषधांसोबत चालणं लिहून देतात: दुखणं बऱ्यापैकी वाढेपर्यंत चालायचं, थांबायचं, राहिलं की पुन्हा, असं ३० ते ४५ मिनिटं, आठवड्यातून ३ दिवस, किमान १२ आठवडे. पुष्कळ जण पहिल्या पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून सोडतात. पावलावर जखम असेल तर मात्र हे चालणं डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.

कमरेतून किंवा ढुंगणातून खाली जाणारी कळ

खोकलं, शिंकलं की कळ गुडघ्याखाली, अगदी बोटांपर्यंत जाते: ही सायटिका. उताणं झोपून गुडघा सरळ ठेवून दुसऱ्यानं पाय हळूहळू उचलला आणि ३० ते ७० अंशांच्या मध्ये तीच कळ पायात उतरली, तर शंका पक्की होत जाते. नुसती मांडीची मागची बाजू ताणली तर ती धरू नका. बहुतेकांना ६ ते १२ आठवड्यांत ऑपरेशनशिवाय बरं वाटतं. अंथरुणाला खिळून राहिल्यानं उलट लांबतं; झेपेल तेवढं चालत राहावं, ओझं आणि वाकून उचलणं बंद. पाऊल लुळं पडायला लागलं किंवा टाचेवर चालता येईना, तर १२ आठवडे मोजत बसायचं नाही.

यासारख्याच दोन तक्रारी आहेत, ज्यांत मणका निर्दोष असतो आणि एमआरआयचा खर्च फुकट जातो.

पहिली बसण्याच्या पद्धतीची. बिड्या वळताना तासन् तास मांडी घालून बसणं, बटाटे काढताना किंवा भुईमूग तोडताना उकिडवं बसणं. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला जे हाडाचं गोल टोक हाताला लागतं, त्याच्या अगदी खालून एक नस कातडीजवळून जाते. ती दाबली जाते. नडगीची बाहेरची बाजू आणि पावलाचा वरचा भाग बधिर होतो, चालताना चप्पल पायातून निसटते, बोटं उंबऱ्याला अडकतात. लवकर लक्षात आलं तर अर्ध्या तासाला उठणं, पाट किंवा ठेंगणं स्टूल घेणं, मांडी न घालणं यानंच सुधारतं. पाऊल उचलता येत नसेल तर डॉक्टरांकडे जाच.

दुसरी मांडीच्या बाहेरच्या बाजूची आग. हातभर जागा जळजळते, कापड घासलं तरी सोसत नाही, पण पायाची ताकद शाबूत. परकराची नाडी करकचून बांधणं, घट्ट पट्टा, वाढलेलं पोट, गरोदरपण ही नेहमीची कारणं. नाडी सैल करून, गाठ वर-खाली हलवून महिनाभर बघा.

एकच पोटरी सुजलीय: चोळू नका

शिंप्याचा टेप घ्या. गुडघ्याच्या वाटीखाली हाडाचा उंचवटा लागतो, तिथून १० सेंटीमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजा. ३ सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक, पोटरी गरम, दाबल्यावर दुखरी: खोल शिरेत रक्ताची गाठ नाही ना, ते त्याच दिवशी बघायला हवं. धोका कुणाला जास्त? नुकतंच ऑपरेशन झालेले, पायाला प्लास्टर असलेले, कॅन्सरचे रुग्ण, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या, आणि बसून लांबचा प्रवास केलेले. बेळगाव-बंगळूर रात्रीची बस म्हणजे पाय दुमडून अख्खी रात्र; ४ तासांपुढचा प्रवास धोका थोडा वाढवतो.

बाळंतिणीचं वेगळं सांगायला हवं. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरच्या ६ आठवड्यांत गाठीचा धोका बराच वाढलेला असतो, गरोदरपणात बहुधा डाव्या पायात. नेमक्या याच दिवसांत आपल्याकडे रोज तेलमालिश, शेक-शेगडी आणि 'खाटेवरून उतरू नको' चालू असतं. दोन्ही पायांना हलकं तेल लावायला हरकत नाही. पण एक पाय दुसऱ्यापेक्षा जाड दिसला तर मालिश करणाऱ्या बाईला तिथंच थांबवा. गाठ सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेततं. तपासणी म्हणजे डॉपलर सोनोग्राफी. न टोचता होते.

दोन्ही पाय सुजले असतील तर गोष्ट निराळी. नडगीवर अंगठ्यानं १० सेकंद दाबा, खळगा राहतो का बघा. हृदय, मूत्रपिंड, यकृत यांची तपासणी लागते. पण त्याआधी बीपीच्या गोळीचं नाव वाचा: अॅम्लोडिपिननं घोटे सुजतात आणि लघवीच्या गोळीनं ती सूज फारशी उतरत नाही. गोळी स्वतः बंद करू नका, डॉक्टरांना बदलून मागा.

दिवसभर उभं राहून संध्याकाळी पाय जड

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्र्या, वडगाव-शहापूरचे माग, हॉटेलातले आचारी, शिक्षक. सकाळी काही नाही, संध्याकाळी पोटऱ्या भरून येतात, पाय उशीवर ठेवला की हलकं वाटतं. हे शिरांचं दुखणं, फुगलेल्या शिरा दिसोत वा न दिसोत. कामात दर अर्ध्या तासाला टाचा २० वेळा वर-खाली करा. पोटरीचा स्नायू आकसला की रक्त वर ढकललं जातं. रात्री पायथ्याकडे खाटेच्या पायांखाली विटा घालून ४-६ इंच चढ द्या. घट्ट मोजे डॉक्टरांनी सांगितल्यावर, २० ते ३० mmHg दाबाचे (पाकिटावर लिहिलेलं असतं), सकाळी उठण्याआधी घालायचे. धमनी अरुंद असलेल्या माणसानं हेच मोजे घातले तर नुकसान होतं, म्हणून आधी नाडी. घोट्याजवळ कातडी काळी-तपकिरी, खाजरी व्हायला लागली म्हणजे पुढची पायरी जखम आहे. शीर फुटून रक्त आलं तर आडवं व्हा, पाय वर करा, बोटानं दाबून धरा. उभं राहून पाण्याखाली धरलं तर थांबत नाही.

रात्री दुखतं

यात तीन वेगळ्या तक्रारी एकाच नावानं खपतात.

पोटरीत गोळा येणं: स्नायू दगड होतो, हाताला लागतो, मिनिटा-दोन मिनिटांत सुटतो. त्या क्षणी गुडघा सरळ करा आणि पावलाची बोटं हातानं नडगीकडे ओढून ३० सेकंद धरा. रोज येत असेल तर झोपण्याआधी भिंतीपासून दोन-अडीच फुटांवर उभं राहा, तळहात भिंतीला, टाचा जमिनीला टेकलेल्या, पुढं झुकून ३० सेकंद, तीन वेळा. ऊसतोडीच्या दिवसांत घामानं पाणी-मीठ जातं तेव्हा हे जास्त होतं. लघवीच्या गोळ्या, गरोदरपण, मूत्रपिंडाचा आजार हीही कारणं आहेत.

तळव्यांची आग, मुंग्या, टोचणी, दोन्ही पायांत, बोटांपासून वर सरकत जाणारी: नसांचं दुखणं. मधुमेह पहिला संशयित, बी-१२ ची कमतरता दुसरी, दारू तिसरी. बी-१२ शुद्ध शाकाहारी घरांत कमी सापडतं, आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांतही. घरची चाचणी अशी: रुग्णानं डोळे मिटायचे. दुसऱ्यानं तर्जनीच्या टोकानं दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला, एकेक करून, फक्त एक-दोन सेकंद हलका स्पर्श करायचा. दाबायचं नाही, चोळायचं नाही, एकदा चुकलं तर पुन्हा करायचं नाही. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर संवेदना कमी झाली आहे. त्या दिवसापासून अनवाणी चालणं बंद, मग तो शेताचा बांध असो की सौंदत्तीचा यल्लम्माचा डोंगर. काटा मोडलेला कळत नाही आणि जखम चिघळल्यावरच दिसते.

तिसरी: दुखणं असं नाही, पण पाय हलवल्याशिवाय राहवत नाही. संध्याकाळी बसलं-झोपलं की सुरू, उठून चाललं की गायब. यात अंगातला लोहाचा साठा बघायचा, म्हणजे फेरिटिन. नुसतं हिमोग्लोबिन ठीक आलं म्हणून सोडू नये.

आणि एक: विश्रांतीतही न थांबणारं, झोपेतून उठवणारं, एकाच हाडात रोज वाढत जाणारं दुखणं, सोबत वजन घटणं किंवा संध्याकाळचा ताप. एक्स-रे आणि रक्ततपासणी लांबवू नका.

रोप लावणीच्या दिवसांत

खानापूर, कणकुंबी, जांबोटी भागात जून-जुलैत दिवसभर चिखलात पाय. ताप आला, पोटऱ्या हात लावू देत नाहीत इतक्या दुखतात, डोळे लाल झालेत, तर 'भिजल्यामुळे अंग धरलंय' म्हणून क्रोसिनवर काढू नका. उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून, पायाच्या बारीक जखमांवाटे लेप्टोस्पायरोसिस होतो. लवकर अँटिबायोटिक मिळालं तर आटोपतं. लघवी कमी झाली, डोळे पिवळे झाले तर मूत्रपिंड आणि यकृत धरलेलं असतं. चिखलात काम करत होतो हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा.

बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्या म्हणजे जंतूंना उघडं दार. वरच्या 'लाल, गरम पाय' वाल्या दुखण्याची सुरुवात पुष्कळदा तिथूनच होते. संध्याकाळी पाय धुऊन बेचके कोरडे पुसा, बुरशीचं मलम कातडी चांगली दिसायला लागल्यावरही सांगितलेले दिवस लावा.

गोळ्यांनी होणारं आणि गोळ्यांनी झाकलं जाणारं

कोलेस्टेरॉलची स्टॅटिन सुरू झाल्यापासून दोन्ही मांड्या दुखतात, जिना चढवत नाही, तर डॉक्टरांना सांगून सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली का ते दाखवणारी रक्ततपासणी, करून घ्या. लघवी चहासारखी गडद झाली तर त्याच दिवशी जा.

मांड्या-नडग्या दोन्हीकडे दुखणं, उकिडवं बसल्यावर हात टेकल्याशिवाय उठता न येणं, हे व्हिटॅमिन डी कमी असल्याचं लक्षण असू शकतं. सहसा ६०,००० युनिटची गोळी आठवड्यातून एकदा, ८ आठवडे देतात. नेहमीची चूक: लोक ती रोज घेतात. रक्तात कॅल्शियम वाढून उलट्या, मलावरोध, सतत तहान आणि मूत्रपिंडाला इजा होते.

बाजाराच्या दिवशी मिळणाऱ्या बिननावाच्या 'वातावरच्या' पुड्यांनी दोन दिवसांत चमत्कार झाला तर समजा की त्यात स्टेरॉइड असू शकतं. अशी पुडी महिनोन्महिने घेतली असेल तर एकदम बंद करू नका, डॉक्टरांना दाखवून हळूहळू सोडा. लांबलेल्या स्टेरॉइडनं आणि दारूनं खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठाही जातो: जांघेत दुखतं, मांडी घालता येत नाही, आणि कित्येकदा दुखणं गुडघ्यातच जाणवतं. सुरुवातीचा एक्स-रे नॉर्मल येतो, एमआरआयमध्ये दिसतं.

तात्पुरती गोळी लागलीच तर पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, दोन डोसांत ६ तास, दिवसाला ३ ग्रॅमच्या आत. यकृताचा आजार किंवा दारू असेल तर विचारून. मूत्रपिंड, हृदय, अल्सर, बीपी यांपैकी काही असेल तर डायक्लोफिनॅक मनानं घेऊ नका.

निरगुडीच्या पाल्याचा शेक मुका मार किंवा आखडलेल्या स्नायूला चालतो. बधिर पावलाला कुठलाच शेक नको. गरम विटेनं भाजलेलं रुग्णाला कळत नाही. बिब्ब्याचा चटका आणि डाग देणं मधुमेहात थेट जखमेकडे नेतं.

लहान मुलं

३ ते १२ वयात संध्याकाळी-रात्री दोन्ही पाय दुखणं, चोळल्यावर बरं वाटणं, सकाळी मूल पळायला मोकळं: हे बहुधा वाढीच्या वयातलं साधं दुखणं. एकच पाय, लंगडणं, सकाळीही दुखणं, ताप, फिकटपणा, अंगावर निळे डाग, यातलं काहीही असेल तर साधं समजू नका.

कुठं जायचं, काय न्यायचं

वरच्या धोक्याच्या खुणा नसतील आणि दोन आठवड्यांत उतार नसेल तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा नेहमीचे डॉक्टर. पहिल्या फेरीला साखर, हिमोग्लोबिनसह रक्ताची पूर्ण तपासणी, क्रिएटिनिन, थायरॉइड आणि लक्षणांप्रमाणे बी-१२ पुरेसं असतं. सगळ्यांत महागड्या तपासणीपासून सुरुवात करण्यात अर्थ नाही.

नाडी लागत नाही किंवा बोट काळं पडतंय, तर हाडांच्या डॉक्टरांकडे फेऱ्या न मारता रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे चिठ्ठी मागा. बेळगावात बिम्स (सरकारी जिल्हा रुग्णालय) आणि केएलईचं खासगी रुग्णालय आहे. निपाणीकरांना कोल्हापूर जवळ पडतं, पण राज्याची हद्द ओलांडण्याआधी आपलं आरोग्य कार्ड तिथं त्या उपचाराला चालतं का, हे रुग्णालयात फोन करून विचारा. अर्थात पाय गार पडला असेल तर कार्डाची चौकशी नंतर. जवळचं मोठं रुग्णालय गाठा.

जाताना घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत न्या, पुड्यांसकट. दुखण्याच्या जागेवर बोट ठेवून दाखवा, हात फिरवून नको. किती पावलांवर सुरू होतं आणि काय केल्यावर राहतं, ते एका चिठ्ठीवर लिहून ठेवा. मधुमेही माणसानं मोजे काढून दोन्ही पावलं दाखवायची, डॉक्टरांनी विचारलं नाही तरी.